वेफरसाठी जागा

खिडकीपाशी नको, असं लोर्नाने ठरवलं. दुपारी ऊन थेट पालीच्या पेटीच्या काचेवर येईल, आणि रात्री तिथे बसवणार नाही इतका गारठा.

"मग टीव्हीशेजारी?" टेसाने आईला विचारलं. तिच्या मांडीवरच्या खोक्यात वेफर, ठिपक्यांची पाळीव पाल, डोळे मिटून पडली होती.

"तिथे दिवसभर आवाज. आणि बाहेरचं दार उघडलं की वारा सरळ तिकडेच."

लोर्ना बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करायची. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. तापमापी घेऊन ती घरभर फिरत होती. दिव्याची ऊब पेटीच्या एका कोपऱ्यापुरती. खोली मात्र रात्रीही वीस अंशांखाली जाऊ देऊ नका, असं दुकानदाराने बजावलं होतं. आणि बाहेर कॅनडातल्या सास्काटूनचा गोठवणारा जानेवारी होता.

पाल आणली होती ती टेसाची समजूत घालायला. तिचे आजोबा ओरेस्ट मेमध्ये वृद्धाश्रमात राहायला जाणार होते. लोर्ना सगळ्यांना आवर्जून सांगायची, "आम्ही एका शब्दाने सुचवलं नाही हं. तीन वर्षं आमच्यात राहिले, आता त्यांनाच त्यांच्या वयाची माणसं हवीशी वाटतात."

"माझ्या खोलीत ठेवा की," ओरेस्ट म्हणाले. डोक्यावर नेहमीची लोकरी टोपी, दोन्ही तळवे चहाच्या मगाभोवती. "टेबल भक्कम आहे. दोन म्हातारे एकमेकांकडे बघत बसू."

"वेफर म्हातारी नाहीये, आजोबा!"

"सुरकुत्या बघ तिच्या. माझ्याहून जास्त आहेत."

कल्पना चांगली होती. मागची ती छोटी खोली घरात सगळ्यात शांत. सासरे राहायला येण्यापूर्वी लोर्ना तिथे हिवाळाभर डेलियाचे कंद ठेवायची. त्यानंतर तिचं तिकडे फारसं जाणं झालं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी विजेचा छोटा हीटर आणला, तो आगीच्या भीतीने उचलून न्यायला गेली होती, तेवढंच.

तिने टेबलावर तापमापी ठेवली. जरा थांबून आकडा वाचला. तेरा.

"इथे नको," ती पटकन म्हणाली. "इथे मरेल ती."

बोलली आणि तिने जीभ चावली. पलंगावर तीन रजया एकावर एक पसरलेल्या होत्या.

"खरंय," ओरेस्ट हसले. "तिला टोपी कुठे घालता येते?"

लोर्नाचे कान तापले. वाकून तिने जमिनीतल्या, गरम हवा येते त्या जाळीवर हात धरला. हवा येतच नव्हती.

ती तळघरात उतरली. घर तापवणाऱ्या भट्टीतून निघालेल्या प्रत्येक पाइपावर त्या त्या खोलीची हवा सोडायची-अडवायची दांडी होती. बाकीच्या सगळ्या पाइपाच्या सरळ रेषेत, मागच्या खोलीची एकच आडवी, म्हणजे बंद. कंद गार राहावेत म्हणून ती तिनेच फिरवली होती. सासरे आले, कंद हलवले, दांडी तशीच राहिली.

तिने ती सरळ केली.

वर आली तेव्हा टेसा जाळीवर तळवे शेकत होती. खरं ते सांगून टाकायचं, असं ठरवूनच लोर्ना जिना चढली होती. तोंडातून निघालं भलतंच.

"पाइप तुंबला होता, बाबा. केला मोकळा. तुम्ही बोलायचं नाही का?"

ओरेस्टनी नातीकडे पाहिलं. "टेसा, जा, वेफरला घेऊन ये. तिची खोली तयार आहे म्हणावं."

ती गेल्यावर त्यांनी हातातला चहाचा मग खाली ठेवला.

"दांडी मी पहिल्याच हिवाळ्यात पाहिली होती, लोर्ना," ते हळू आवाजात म्हणाले. "मग तू हीटरही नेलास. 'जा' असं तोंडाने सांगणं तुला जड जात असणार, हे कळलं मला. त्याच आठवड्यात वृद्धाश्रमात नाव घालून आलो. नंबर लागायलाच एवढा उशीर झाला, त्याला माझा इलाज नव्हता बघ."