सातवा कांदा

"आधी ह्यांचा फोटू काढा," असं म्हणून गवराबाईंनी पिशवीतले दहा कांदे एमआरआयच्या खोलीबाहेरच्या टेबलावर ओळीने मांडले. "आतलं दिसलं, तर मग आमच्या ह्यांना घाला."

डॉ. दीक्षा तेरा वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होत्या. अल्झायमर माणसाला विसरायला लावतो, त्याच्या कितीतरी वर्षं आधी तो मेंदूत येऊन बसलेला असतो. त्याला तिथेच, फोटोत पकडायचं. रहाटणीतल्या या केंद्रात आजवर दोनशे बारा माणसं त्यांच्या मशीनमध्ये जाऊन आली होती. प्रत्येकाच्या घरच्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला होता. पूर्ण बरं करणारं औषध नाही, तर मग आधी कळून करायचं काय? दीक्षांकडे आलेख होते. उत्तर नव्हतं.

कांदे मात्र पहिल्यांदाच आले होते.

गवराबाईंचं म्हणणं सरळ होतं. चाकणच्या बाजारात कांदा कापून दाखवल्याशिवाय बोली लागत नाही. न कापता आतलं दिसतं असं कुणी म्हणत असेल, तर त्याने ते दाखवावं.

तंत्रज्ञ नागसेनभाऊंनी वीस वर्षांच्या नोकरीत कशाचंही आश्चर्य वाटून घेतलं नव्हतं. माहिती भरल्याशिवाय मशीन सुरू होत नाही, म्हणून त्यांनी फॉर्म उघडला.

"नाव कांदा. जन्म?"

"शिमग्याला काढल्यात."

"अंगात स्क्रू, पट्टी, पेसमेकर?"

गवराबाईंनी कांद्यांकडे पाहून खात्री केली. "न्हाई."

"बंद जागेची भीती?"

"कांद्याच्या चाळीत सात म्हैने पडून हायत."

भाऊंनी प्रत्येक कांद्यावर पेनाने आकडा टाकला. गवराबाईंनी एकेकाची मान अंगठ्याने दाबली आणि भाऊंच्या कानात काहीतरी सांगितलं. आधी उत्तर कळू नये, या नियमाप्रमाणे दीक्षांनी पाठ फिरवली होती. भाऊंनी तळहातावर काहीतरी लिहून मूठ मिटली.

बाकावर गेनूबाबा बसले होते. वय एकोणसत्तर. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी एकोणतीस. गावात सगळे म्हणत होते, गवराबाईच्याच डोक्यावर परिणाम झालाय, धडधाकट नवऱ्याला मेंदू दाखवायला नेते. बाबा इतकुसं थांबले आणि म्हणाले, "गवरे, बस चुकंल." मग आपल्या शेताचं सांगू लागले. चिंचेखालून बांध कसा वळायचा, विहिरीला कुठल्या अंगाने झरा होता. तिथे आता एका कंपनीच्या गाड्या उभ्या असतात. चिंच, बांध, विहीर हे सगळं आता एवढ्या एका डोक्यात उरलं होतं. गवराबाई मोबाईल बाबांच्या तोंडापुढे धरून "हं, हं" करत होत्या. दीक्षांना वाटलं, मावशींना फोन कसा धरायचा ते कळत नसावं.

डोकं ठेवायच्या साच्यात आकड्यांच्या क्रमाने कांदे बसले. माणसाचं एक डोकं म्हणजे मध्यम आकाराचे दहा कांदे, ही गोष्ट तेरा वर्षांच्या संशोधनात आज पहिल्यांदा कळली.

सात मिनिटं मशीन ठोकल्यासारखं वाजलं. मग पडद्यावर दहा चंद्र उगवले. कड्यात कडं, त्यात आणखी कडं, कंपास घेऊन बसलं तरी इतकं नेमकं जमणार नाही. दीक्षा खुर्चीत पुढे सरकल्या. नऊ कांद्यांचा गाभा शांत होता. एकाच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं उजळलं होतं. बाहेरून तो इतरांसारखाच चकचकीत आणि टणक.

"सातवा," दीक्षा म्हणाल्या.

भाऊंनी मूठ उघडली. तळहातावर सात.

"कोंब," गवराबाई म्हणाल्या. "म्हैन्यानं भाईर दिसंल."

दीक्षांनी पडद्यावरचा तो दाणा मोठा करून पुन्हा पाहिला.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "मावशींच्या अंगठ्याचा स्कॅन घेऊन ठेवू का?"

मग गेनूबाबा आत गेले. चाळीस मिनिटांनी चित्रं आली. आठवणी जिथे साठतात, तिथली एक घडी किंचित आखडली होती. पक्कं म्हणायला अजून दोन तपासण्या बाकी होत्या, पण दीक्षांना जे दिसायचं ते दिसलं. काय बोलायचं ते त्या मनात जुळवत बाहेर आल्या.

"हाय ना?" गवराबाईंनीच विचारलं.

"अजून नक्की नाही. पण... तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"माझं नाव घ्यायच्या आधी इतकुसं थांबत्यात. दोन वर्सं झाली."

दीक्षा पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभ्या राहिल्या. दोनशे बारा वेळा ऐकलेला प्रश्न. तो आला नाही. गवराबाईंनी नऊ कांदे टेबलावर भाऊंच्या पुढे सारले. "ह्ये खावा." सातवा पदराला पुसून पिशवीत ठेवला.

"मावशी, खराब तर तोच ना?" भाऊंनी विचारलं.

"खराब कशानं? कोंब धरलेला बियाला लावायचा. येळंला कळलं म्हून. न्हाईतर चाळीत सडून गेला असता."

त्या बाकावर नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. मांडीवर मोबाईल उघडला. पडद्यावर रेकॉर्डिंगची यादी होती. सगळ्यात वरचा आकडा सहाशे बारा, आजची तारीख. त्यांनी बोटाने यादी खाली सारली, सारत राहिल्या. दीक्षांनी वाकून तळाची तारीख वाचली. ती दोन वर्षांपूर्वीची होती.

गेनूबाबा इतकुसं थांबले. "गवरे, बस?"

"जाऊ द्या. दुसरी येती." गवराबाईंनी लाल बटण दाबलं. "हिरीपासनं फुडं सांगा."