डिस्क वापरात आहे

डिस्क काही केल्या सुटेना. लॅपटॉपच्या पडद्यावर पुन्हा तेच वाक्य आलं: 'डिस्क वापरात आहे.'

"कोण वापरतंय मेलं?" ती म्हणाली. "घरात आपण दोघं आणि स्वयंपाकघरात सासूबाई. चिमणी तर शाळेत आहे."

"ओढून काढू मग?" दादाने विचारलं. "आणि नंतर बसू दोघं रडत."

दादा तिचा थोरला भाऊ. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता अर्धं टक्कल पडलेलं, पण थट्टा करायची खोड काही गेली नव्हती. उद्या सकाळी टेम्पो येणार होता आणि तो तिला नि तिच्या लेकीला, चिमणीला, आपल्या गावी घेऊन जाणार होता. भांडीकुंडी, कपाटं, काही राहिलं तरी तिची हरकत नव्हती. ही डिस्क मात्र हवी होती. चिमणीला तिचा बाप आता दिसायचा तो यातच.

ओढून काढलं की काय होतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. एकदा घाईत तिने पेनड्राइव्ह असाच उपटला होता आणि चिमणीच्या पहिल्या पावलांचे फोटो कायमचे गेले. नवरा रागावला नाही. त्याने फक्त नियम घातला: आधी विचारायचं, मग काढायचं. मग जुन्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची प्रणाली चढवली, त्याला ही डिस्क जोडली आणि दोन्ही कपाटात ठेवून दिली, रात्रंदिवस चालू. घरातल्या वायफायवरून कोणीही मोबाईलवर फोटो बघावेत. आत जायला दोन नावं होती, चिमणीनेच सुचवलेली. एक 'आई', एक 'बाबा'.

शिस्तीचा माणूस. त्याच्या चपला दाराशी सरळ रेषेत, जेवताना पानात डावीकडे एक कच्ची हिरवी मिरची, रोज. घरात बाकी कोणी त्या मिरचीला हात लावत नसे. अशा माणसाच्या गाडीखाली एक म्हातारा आला. पोलीस दारात आले आणि दुसऱ्या दिवशी नदीच्या पुलावर त्या चपला सापडल्या. सरळ रेषेत. माणूस सापडला नाही. या गोष्टीला वर्ष झालं.

"थांब, यंत्रालाच विचारतो कोण वापरतंय ते," म्हणून दादाने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली.

उत्तर लगेच आलं. बाबा.

तिने ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

"घाबरू नकोस गं," दादा म्हणाला. "हे यंत्र कधी बंदच केलेलं नाही. त्याच्या वेळचं काहीतरी लटकून राहिलं असेल. हे बघ, तोडलं." त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा बाबा. या वेळी उघडलेल्या फाइलचं नावही आलं. चिमणीचं गाणं.

"हे कधीचं?"

"काल शाळेत म्हटलं तिने," ती कशीबशी म्हणाली. "मी आज सकाळी टाकलंय."

डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकत होता. कोणीतरी निवांत बसून बघत होतं. दादाने थट्टा सोडून आणखी एक ओळ टाइप केली.

मग तो एकदम हसला. "अगं, हे वायफायवरून येतंय. कुठला तरी मोबाईल आहे. भुताला पासवर्ड कोण देणार? तुझा जुना मोबाईल तू सासूबाईंना दिला होतास ना?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. जिवात जीव आला आणि पाठोपाठ लाजही वाटली. चपला घरी आल्या तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. दगडाच्या काळजाची बाई, असं ती वर्षभर मनात म्हणत आली होती. सोबत चला म्हटलं तर म्हणे, "माझं इथेच बरं. शेजारच्यांची झाडं कोण बघणार? मांजर कोण बघणार?" शेजारचे परदेशी गेलेले, किल्ली यांच्याकडे. पाऊस असो वा नसो, दोन वेळा झाडांना पाणी आणि मांजरीला डबा. चिमणीला ते मांजर एकदाही दिसलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई डबा भरत होत्या.

"आई, चिमणीचे व्हिडिओ तुम्ही बघता ना? यांच्या नावाने?"

सासूबाईंचा हात थांबला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "मीच बघते. चुकलं का माझं?"

तिने त्यांना घट्ट मिठी मारली. "डिस्क नेत नाही मी. दादा कॉपी करून घेईल, ही इथेच राहू दे. तिकडचे नवे व्हिडिओही पाठवत जाईन."

"म्हणजे चिमणी मोठी होताना दिसेल?"

"दिसेल ना."

तेव्हा सासूबाई रडल्या. वर्षभरात पहिल्यांदा, अगदी हमसून.

"आणा तुमचा मोबाईल," ती डोळे पुसत म्हणाली. "दादा सगळं नीट लावून देईल."

"तो ना, शेजारी राहिला बघ. सकाळी पाणी घालताना."

"मग मी आणते."

"नको नको. मांजर बुजतं माणसांना. मीच जाते." त्या लगबगीने खिळ्यावरची किल्ली काढायला वळल्या.

बाहेरून दादाची हाक आली. "अगं, त्यांना म्हणावं जरा थांबा. गाणं परत पहिल्यापासून लावलंय."

मांजरीच्या डब्याला अजून झाकण लागलं नव्हतं. आत भाताच्या डावीकडे एक कच्ची हिरवी मिरची ठेवलेली होती.