दाराजवळचे स्टूल

गरीब घरच्या मुलांना ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओचे काम मोफत शिकवणारे केंद्र शहागंजात उघडले, तेव्हा निवृत्त वायरमन नवाबमियाँ नातीला तिथे पाठवायला मुळीच राजी नव्हते. "सदफ बेटा, सापळ्यातलं खोबरंबी उंदराला फुकटच असतं," ते म्हणाले. पण पोरगी हट्टाला पेटली. मग केंद्राची लबाडी पकडण्यासाठी ते स्वतःच तिच्याबरोबर जाऊन दाराजवळच्या स्टुलावर रोज पहारा देऊ लागले.

लबाडी काही सापडेना. स्पीकरची घरघर मात्र त्यांना बसल्या जागी ऐकवेना, म्हणून त्यांनी सैल झालेले अर्थिंग नीट केले. पुढे तुटक्या केबल जोडून दिल्या. पाहता पाहता मुले जोडकाम त्यांच्याकडूनच शिकू लागली आणि त्यांना मास्तर म्हणू लागली.

काल लासूर स्टेशनहून आप्पासाहेब लेकीला, मंजुषाला, घेऊन आले. ती चप्पल काढून आत निघालीच होती, तोच त्यांनी तिचा हात धरला.

"फी नाय म्हणता. मग मास्तर, तुम्हाला पगार कोण देतं?"

"कुणीच नाही. मीबी फुकटच शिकवतो, साहेब."

आप्पासाहेबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "मास्तरबी फुकट? म्हंजे घोळ लई मोठा हाय. पोरगी शिकंल, पण मी रोज इथं बसून बघणार."

 

नवाबमियाँनी दाराजवळचे स्टूल फडक्याने पुसले आणि त्यांच्यापुढे सरकवले.