मेणाचा ठोकळा

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि लिहिणारा पुरुष, लोक काय म्हणतील? पण करिष्मा म्हणाली, "माझ्या नावासकट लिही." शाळेपासूनची मैत्रीण आहे, ऐकावं लागतं.

तिच्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपलेला आहे. लॅबनं त्यावर मार्कर, म्हणजे पेशींचा स्वभाव सांगणाऱ्या खुणा, तपासले आणि ठोकळा परत दिला. रिपोर्ट बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून पसरलेला नाही, पण या पेशी पसरणाऱ्यातल्या दिसतायत. औषध वाढवू या."

आम्ही तिघं बाहेर येताच तिच्या दादानं ठोकळा रुमालात गुंडाळला. "पसरणारच आहे, तर कशाला हाल? घरी चल. हे नदीत सोडू."

"जिवंत बाईचं विसर्जन करतोस?" तिनं रुमालच हिसकावला. "रिपोर्ट आहे, कुंडली नाही! चोर पळायच्या बेतात आहे ते आधीच कळलंय. आता वाट अडवायची. पुढच्या तपासणीला हाच ठोकळा लागेल."

दादा पायरीवर बसला. तिनं रुमाल माझ्या हातात कोंबला. "वितळवू नकोस, येड्या."

मी म्हटलं, "तू स्वतः मागायला आल्याशिवाय कुणालाच देणार नाही."