काडीवरचे डाग

"अभिनंदन, मॅडम!" म्हणत साहेबांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. मी डिझाइन केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या प्लांटने ठरलेलं उत्पादन गाठलं होतं, तेही कमी विजेत. कंट्रोल रूममध्ये टाळ्या पडत होत्या आणि माझी नजर सारखी दाराकडे जात होती.

ऑपरेटर गुरवकाकांना मीच टॉवरवर पाठवलं होतं. चिमणीकडे जाणाऱ्या वायूत ते लाकडाची काडी धरतात. ॲसिडचे थेंब निसटत असतील, तर काडीवर काळे डाग उमटतात. थेंब अडवणाऱ्या जाळ्यांचा एक थर मीच कमी केला होता, वीज वाचावी म्हणून.

काका आले. काडी रुमालात गुंडाळलेली होती.

"किती डाग?" मी पुटपुटले.

"मोजण्यासारखं काही राहिलं नाही, मॅडम. सगळी काळी पडलीय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "स्क्रीनवर हे दिसत नाही. टाकून देऊ?"

खिडकीबाहेर, चिमणीखालच्या वाडीत, दोरीवर कपडे वाळत होते.

माझ्या मुठीत पेढ्याचा पार भुगा झाला होता. "साहेब, हात पुढे करा," मी म्हटलं, आणि काकांकडून काडी घेऊन रुमालासकट त्यांच्या तळहातावर ठेवली.