पासवर्ड बरोबर आहे

तीन नंबरची शेड दुपारी उडाली.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. शेड जागेवर आहे. तिच्या भिंतीला पाठ लावून मांजर झोपलंय, आणि आत अजहरची आई शरिफाबी बाकीच्या बायकांबरोबर भुईनळे भरतेय. तेरखेड्याच्या या फटाका कारखान्यात सकाळपासून बिघडलेली वस्तू एकच, ऑफिसातला कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा आणि तो अजहर सांभाळायचा. सगळ्या शेडांचं तापमान तारेनं त्याच्यात येऊन पडायचं. दारूला ओल लागली की ती आतल्या आत तापत जाते, म्हणून तपासणीच्या साहेबांनी ही सोय करायला लावली होती. आज दुपारी साहेब तीच बघायला येणार होते, आणि लॉगिनची स्क्रीन कुणाला आत घेत नव्हती. पासवर्ड टाकला की ती काळी व्हायची, जराशी विचारात पडायची आणि परत पासवर्ड मागायची.

"पासवर्ड चुकायलाय तुझा," मालक खाजाभाई म्हणाले.

"चुकला तर तसं सांगतो तो, चाचा. हा बरोबर म्हणतोय अन् हाकलतोय."

"आमच्या व्याह्यासारखं. या या म्हणतेत अन् दारातच चहा देतेत." खाजाभाई हसले नाहीत. "साहेबाला काय दिसलं न्हाय तर लायसन गेलं, अन् तुझ्या अम्मीचं कामबी गेलं. ध्यानात ठेव."

कारखान्यात चप्पल घालायची नाही आणि मोबाइल आणायचा नाही, हा जुना रिवाज. मोबाइल फाटकाजवळच्या लाकडी पेटीत झोपलेले असायचे. त्यामुळं इंटरनेटवर इलाज शोधायचा तर अजहरला अनवाणी फाटकापर्यंत जायचं, पेटी उघडायची, वाचायचं आणि कलमा म्हणावा तसं पुटपुटत परत यायचं. वाटेत कुणी हाक मारली की निम्मा इलाज सांडायचा.

पहिल्या खेपेला त्यानं तीन बटणं आणली. ती एकदम दाबली की चित्रं जातात आणि काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं येतात. दाबली. आली.

"हे काय केलंस?"

"मागच्या दारानं आत आलो, चाचा."

"नशीब मशीनचं. आपल्या शेडांला मागचं दार न्हाय. साहेबांनी तसं लिहूनबी दिलंय एकदा."

मागच्या दारातून दिसलं ते असं, की डिस्क गच्च भरलीय. आत बोट ठेवायला जागा नाही, मग मशीन माणसाला घेऊन बसवणार कुठं?

अजहर दुसऱ्या खेपेला निघाला. फाटकावर त्यानं वाचलं : सगळ्यात मोठी फाइल शोधा, ती कशानं भरली ते आधी वाचा, मग पुसा. शोधा, वाचा, पुसा. शोधा, वाचा, पुसा. तीन नंबरसमोर शरिफाबी दारात उभी होती.

"भाकर खाल्ली का रे?"

"खातो, अम्मी."

"आत लई उकडायलंय, बाबा. एवढ्या थंडीत."

"साहेब गेल्यावर बघतो."

ऑफिसात पोचला तेव्हा त्याच्याजवळ दोनच शब्द उरले होते. शोधा, आणि पुसा. मधला भाकरीबरोबर गेला.

मोठी फाइल लगेच सापडली. एकटीनंच सगळी डिस्क खाल्ली होती. नाव होतं 'वॉर्निंग'.

"कसली वॉर्निंग?" खाजाभाईंनी विचारलं.

"लिनक्सला लई बोलायची सवय असते, चाचा. मनावर घ्यायचं नसतं."

"पूस मग."

पुसली. मशीन बंद करून चालू केलं. पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली, विचारात पडली, आणि तिनं आत घेतलं. खाजाभाईंनी मशीनला हार घालायचा हुकूम सोडला.

तेवढ्यात रिकाम्या जागेत नवी 'वॉर्निंग' फाइल उगवली. अजहरनं या वेळी ती उघडली.

शेड ३. तापमान धोक्याच्या वर. माणसं बाहेर काढा.

खाली तेच. त्याच्याही खाली तेच. अजहर बघत असताना ओळी चढत होत्या. इतके दिवस हेच वाक्य लिहून लिहून मशीननं स्वतःचं दार आतून बुजवलं होतं.

"चाचा, तीन नंबर रिकामी करा."

"साहेब फाटकावर चपला काढायलेत. बायका बाहेर बसलेल्या दिसल्या तर विचारतील ना, का म्हणून."

"तेच सांगा ना त्यांला!"

"घाबरू नको. फाइल भरली की परत पूस. आता तर जमायलंय तुला."

अजहर पळाला. अनवाणी पळताना समोरून त्याला मांजर येताना दिसलं. ते पळत नव्हतं. घाईनं चालत होतं, आणि ज्या भिंतीपाशी इतके दिवस झोपलं तिच्याकडं एकदाही वळून बघत नव्हतं.

"अम्मी!" त्याची हाक ऑफिसात ऐकू आली. खाजाभाईंनी खिडकी लावून घेतली, मशीनसमोर बसले आणि साहेब आत यायच्या आत एका बोटानं कागद तयार केला :

*प्रति, शेड क्रमांक ३.*
*विषय : न तापण्याबाबत.*
*उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, कारखान्याची तपासणी चालू असल्याने ती पूर्ण होईपर्यंत आपण आपले तापमान नियमात ठेवावे व सहकार्य करावे, ही नम्र विनंती.*