चाखणी

हौसा रुग्णालयात चाखणी होती. ज्यांच्या पोटात नळीनं अन्न सोडलं जाई, त्यांच्या वाटचं ती जेवायची. तिच्या जिभेवरची पट्टी चव टिपायची आणि तीच चव खाटेवरच्या माणसाच्या जिभेवर उतरायची.

त्या दिवशी नव्या खाटेवरची म्हातारी पाहून ती दारातच थबकली. ती तिची सासू होती, ताराक्का. नवरा वारल्यावर हिनंच हौसाला घराबाहेर काढलं होतं. त्याआधीची नऊ वर्षं, सगळ्यांची पानं उठल्यावर, शिळी भाकरी तिच्यापुढं टाकली होती.

"श्रीखंड मागतायत त्या," आहाराच्या बाई म्हणाल्या. "चार दिवसांच्या सोबती आहेत. मनासारखं चाखू दे."

दुसऱ्या दिवशी हौसानं शेजारणीकडून कोंबड्यांसाठी ठेवलेली भाकरी मागून आणली. श्रीखंडाची वाटी बाजूला सारून तिनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला. चावता चावता हिरड्या सोलवटल्या. ताराक्काचं तोंड वाकडं झालं.

"ओळखलीत का चव, आत्याबाई?"

म्हातारीनं डोळे किलकिले केले. हौसाला नीट न्याहाळलं आणि खोकत खोकत हसली.

"तू व्हय गं? अगं येडे, मला नुसती चव लागतीया. दात तुझे झिजत्यात, पोटात तुझ्याच जातंय. मी मरायला टेकले, तरी शिळं तूच खातीयास."

हौसाचा घास तोंडातच राहिला.

"थांबलीस का? चाव की!" ताराक्का खेकसली.

हौसानं मुकाट्यानं घास गिळला, आणि तिचा हात आपसूक दुसरा तुकडा मोडायला गेला.